‘गोव्यात मत देणं फुकट, नोटाच दाबा’ या मेसेजला माझं उत्तर

चवथीपासून एक मेसेज आमच्या नात्यातल्या, वाड्यावरच्या, शाळेच्या अशा सगळ्या ग्रुपवर फिरतोय आणि काल तो माझ्या फोंड्याच्या काकांनीही पाठवला, म्हणून आता लिहायलाच बसलो. मेसेज लांबलचक आहे, त्यातलं सार सांगतो. गोव्यात कोणालाही मत द्या, निवडून आल्यावर सगळे एकाच पक्षात जातात, त्यामुळे मताला किंमत नाही. २०१७ ला जनतेने काँग्रेसला बहुमत दिलेलं ते पळवलं. आमदाराने पक्ष सोडला की कायद्याने आमदारकी जातेच, फक्त कोणी कोर्टात जात नाही. म्हणून २०२७ ला सगळ्यांनी नोटा, म्हणजे ‘यापैकी कोणीही नाही’चं बटण, दाबायचा, नोटाला जास्त मतं पडली की निवडणूक रद्द आणि ते उमेदवार कायमचे बाद. नाहीतर विधानसभेचे चाळीसही आमदार अपक्ष निवडून द्यायचे. आणि शेवटी ते टेंडर व्होट १४ टक्के झाले की फेरमतदान वगैरे.

काकांचा राग मला कळतो, माझाही तोच आहे, आमच्या घरात तर बाबा मगोचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, जुने सिंहवाले, पक्षातली माणसं फुटताना त्यांनी ताईंच्या (शशिकला काकोडकरांच्या) काळापासून बघितलीयत. पण या मेसेजमधली बरीचशी माहिती चुकीची आहे आणि त्यात सांगितलेला उपाय केला तर नुकसान आपलंच होणार आहे.

पहिलं, मताला किंमत नाही हे. १० जुलै २०१९ ला काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, त्याआधी मार्चमध्ये मगोच्या तिघांतले दोघे गेलेले, म्हणजे एकूण १२. आता २०२२ चा निकाल समोर घ्या आणि या बारा जणांच्या नावापुढे खुणा करत जा. पणजीत बाबूश मोन्सेरात, ताळगावात जेनिफर मोन्सेरात आणि थिवीत नीळकंठ हळर्णकर, एवढे तिघेच परत आले. बाकी नऊ जण पडले. कवळेकर उपमुख्यमंत्री होते, ते केपेत पडले. आजगावकर मडगावात, पाऊसकर सावर्ड्यात, इजिदोर काणकोणात, क्लाफास कुंकळ्ळीत, विल्फ्रेड नुव्यात, फिलिप नेरी वेळ्ळीत, टोनी सांताक्रुझात पडले आणि सांत आंद्रेत सिल्वेरा फक्त ७६ मतांनी पडले. कोणाला नव्या पक्षाने तिकीटच दिलं नाही म्हणून अपक्ष उभे राहिले, कोण तिसऱ्याच पक्षातून उभे राहिले, पण बारामधले नऊ जण लोकांनी घरी पाठवले. हे कोणी केलं? मत देणाऱ्यांनी केलं, नोटा दाबणाऱ्यांनी नाही.

आता काका म्हणतील, मग त्यांच्या जागी आले त्यांनी काय केलं? बरोबर आहे, आणि हे लपवायचं कारण नाही. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने उमेदवारांना देवळात, खुरसाकडे (क्रॉसकडे) आणि दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली आणि त्याच वर्षी १४ सप्टेंबरला ११ पैकी ८ जण भाजपमध्ये गेले, त्यात नुवे आणि सांताक्रुझचे आमदारही होते, म्हणजे ज्यांना लोकांनी फुटलेल्यांना पाडून निवडलं होतं तेच. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं होतं, कारण देवासमोर हात जोडून दिलेला शब्द आमच्याकडे लहान पोरालाही मोडायला देत नाहीत.

पण हे का होतं ते बघा, कारण मेसेजमध्ये सगळ्यात मोठी चूक इथेच आहे, तो सगळा दोष मतालाच देतो. माझ्या मते कारणं दोन. एक म्हणजे आकडे. घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, विलीनीकरणाची सूट आहे, विधिमंडळ पक्षातले दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले तर ते अपात्र ठरत नाहीत. उत्तर प्रदेशासारख्या ४०३ जणांच्या सभागृहात मोठ्या पक्षाचे दोन तृतीयांश जमवायचे म्हणजे केवढी माणसं लागतील, आणि आमच्या ४० जणांच्या सभागृहात किती? मगोचे तीनपैकी दोन, काँग्रेसचे १५ पैकी १०, मग ११ पैकी ८. तिन्ही वेळा हिशेब बघा, कायद्याला जेवढे लागतात तेवढेच गेले, एकही जास्त नाही. एका मिनीबसमध्ये मावतात एवढे लोक. आणि दुसऱ्या बाजूला काय मिळतं तेही बघा. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली, पण लहान राज्यांना किमान १२ ची सवलत दिली. ४० चे १५ टक्के सहा होतात, आम्हाला मिळतात बारा. म्हणजे २१ आमदारांचं सरकार असेल तर त्यातले निम्म्याहून जास्त मंत्री, उरलेल्यांना महामंडळं. सत्तेच्या बाजूला एवढ्या खुर्च्या असताना विरोधात पाच वर्षं बसायला मन घट्ट लागतं.

दुसरं कारण पक्षांचं आहे. आमच्याकडे मतदारसंघ म्हणजे सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार, उमेदवार घराघरात ओळखीचा असतो, जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) खाट मिळवून देणारा तोच, विजेचा खांब आणणारा तोच, पोराच्या नोकरीसाठी लोक त्याच्याच दारात जातात. कार्यकर्ते त्याचे, खर्चही बराचसा त्याचा. पक्ष काय देतो, तर शेवटच्या दिवसात उमेदवारीचा एबी फॉर्म आणि चिन्ह. मग असा माणूस निवडून आल्यावर पक्षाचा कशाला राहील? २०२२ ला तर तीन घरांतून नवरा आणि बायको दोघेही आमदार झाले, राणे, मोन्सेरात आणि लोबो, त्यातल्या दोन जोड्या एक २०१९ ला आणि एक २०२२ ला भाजपमध्ये गेल्या. उमेदवार कसा निवडायचा, कार्यकर्त्यांना विचारायचं की नाही, यावर आपल्याकडे कायदाच नाही, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९अ कलमात पक्षाची नोंदणी आहे, पण तिकीट कोणी कसं द्यायचं हे नाही. म्हणून राग काढायचाच असेल तर तिकीट वाटतात तेव्हा काढा, आपल्या गटाच्या अध्यक्षाला तेव्हा धरा, गेल्या वेळी पळालेल्याला परत का घेताय हे तेव्हाच विचारा, मतदानाच्या दिवशी फार उशीर झालेला असतो.

२०१७ चं थोडक्यात. काँग्रेस १७, भाजप १३, मगो ३, गोवा फॉरवर्ड ३, राष्ट्रवादी १, अपक्ष ३. बहुमताला २१ लागतात, १७ म्हणजे सगळ्यात मोठा पक्ष, बहुमत नव्हे. उलट मतांची टक्केवारी काढली तर भाजपला साडेबत्तीसच्या आसपास आणि काँग्रेसला अठ्ठावीसच्या थोडी वर, कारण आपल्याकडे मतदारसंघात एका मताने पुढे असेल तो जिंकतो, राज्यभराची बेरीज कोणी धरत नाही. सुप्रीम कोर्टानेही काँग्रेसला हेच विचारलं की २१ जणांचा पाठिंबा होता तर राज्यपालांकडे दावा का केला नाही, आणि १६ मार्चला विश्वासदर्शक ठराव घ्यायला लावला, तो पर्रीकरांनी २२ विरुद्ध १६ ने जिंकला. फसवणूक झाली नाही असं मी म्हणत नाही. गोवा फॉरवर्डने भाजपच्या विरोधात प्रचार केला आणि निकालानंतर त्यांचे तिन्ही आमदार पर्रीकर सरकारात मंत्री झाले, त्यांना मत दिलेल्या लोकांना काय वाटलं असेल! पण फसवणूक तिथे झाली, काँग्रेसचं बहुमत चोरलं हे खरं नाही कारण ते नव्हतंच.

कायद्याने आमदारकी जातेच आणि कोणी कोर्टात जात नाही, हेही चूक. काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष गिरीश चोडणकर २०१९ च्या त्या दहा जणांच्या विरोधात गेले होते ना. अर्ज २०१९ चा, सभापतींनी निकाल दिला २० एप्रिल २०२१ ला, अर्ज फेटाळला. मग हायकोर्ट, तिथेही फेब्रुवारी २०२२ मध्ये सभापतींचा निर्णय कायम राहिला, तोपर्यंत पुढच्या निवडणुकीचं मतदान होऊनही गेलेलं. म्हणजे अडचण दोन ठिकाणी आहे, विलीनीकरणाची सूट आणि निर्णय देणारे सभापती, जे स्वतः सत्ताधारी पक्षाचेच असतात. जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की सभापतींनी साधारण तीन महिन्यांत निर्णय द्यावा. आमच्याकडे किती लागले ते वर आहेच. यात एक गोष्ट लोक विसरतात, राजीनामा देऊन परत लोकांसमोर जायचा रस्ता उघडा होता आणि काही जण त्याने गेलेही, विश्वजीत राणे २०१७ ला वाळपईत, सोपटे आणि शिरोडकर २०१९ ला मांद्रे आणि शिरोड्यात, तिघेही परत निवडून आले. ते योग्य की अयोग्य हे त्या लोकांनी ठरवलं, निदान त्यांना विचारलं तरी गेलं. विलीनीकरणात कोणी विचारत नाही, म्हणून ती सूट काढा ही मागणी करा, त्यासाठी सह्या गोळा करा, पहिली सही माझी.

आता नोटा. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते बटण आलं, पण विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी बाकीच्यांत ज्याला जास्त तो जिंकतो. निवडणूक रद्द होत नाही, उमेदवार बाद होत नाही. मग हे आलं कुठून? मला वाटतं महाराष्ट्रातून. तिथल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये नगरपालिका, महापालिकांसाठी आदेश काढला की नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. तो मराठीतला मजकूर सावंतवाडी, दोडामार्गकडून आमच्या पाहुण्यांच्या मोबाइलमधून इकडे आला असणार आणि त्यातली पालिका गळून विधानसभा झाली. गोव्याच्या विधानसभेला त्याचा काही संबंध नाही.

आणि काका, तुम्ही स्वतः फोंड्यात मतदान करता. २०२२ ला तुमच्याच फोंड्यात भाजपचा उमेदवार मगोच्या उमेदवारापेक्षा ७७ मतांनी पुढे होता. सांत आंद्रेचे ७६ वर सांगितलेच. साखळीत स्वतः मुख्यमंत्री ६६६ मतांनी आले. तुमच्या वाड्यावर, तुमच्या आळीत माणसं किती ते मोजा, ७७ होतील की जास्त? एवढ्या बारीक फरकाने जिथे आमदार ठरतो तिथे रागावलेल्या माणसांनीच बाजूला व्हायचं म्हणजे निर्णय दुसऱ्यांच्या हातात देणं, आणि पैसे वाटणाऱ्याला तर हे हवंच असतं, त्याची बांधलेली मतं कधी नोटाला जात नाहीत.

चाळीस अपक्षांचंही असंच. अपक्ष आमदार नंतर पक्षात शिरला तर तो अपात्र होतो हे खरं, पण सरकारला पाठिंबा द्यायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. २०२२ ला भाजप २० वर होता, एक कमी, आणि डिचोली, कुठ्ठाळी, कुडतरी या तिन्हीकडच्या अपक्षांनी निकाल लागताच पाठिंबा दिला. चाळीस अपक्ष म्हणजे चाळीस वेगळ्या मागण्या आणि बारा खुर्च्या. ज्यांना १९९० आठवतंय त्यांना विचारा, एका वर्षात तीन मुख्यमंत्री आणि शेवटी राष्ट्रपती राजवट, कोणाचं काम झालं त्यात?

राहिलं टेंडर व्होट. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर केंद्राध्यक्षांना ओळख पटवून द्या, ते तुम्हाला कागदी मतपत्रिका देतात, ती वेगळ्या पाकिटात राहते, त्या दिवशीच्या मोजणीत धरत नाहीत पण पुढे निवडणूक याचिका झाली तर कोर्ट ती बघू शकतं. हा हक्क सोडू नका, पण १४ टक्क्यांचा आकडा नियमात कुठेच नाही. काका, तो मेसेज तुम्ही ज्या ज्या ग्रुपवर टाकलात तिथे हेही टाका.