इसार परत मागायला जाताना चहा टाळू नका

फ्लॅटचं बुकिंग रद्द करायचं तुमच्या मनात आलंय, असं कानावर आलं. छान. फ्लॅट काय, पैसे असले की कुणीही घेतो. घ्यायचा रद्द करून दिलेला इसार परत मागायचा, हे सुख मात्र नशिबात असावं लागतं. मी ते जळगावात भोगतोय, अजून संपलेलं नाही. म्हणून चार युक्तीच्या गोष्टी सांगतो. नीट पाळल्यात तर तुमचाही इसार माझ्या इसाराइतकाच सुरक्षित राहील. जिथे दिलाय तिथेच राहील.

पहिली गोष्ट, बुकिंग आखाजीलाच करा. बाकी महाराष्ट्राला अक्षय्य तृतीया म्हणजे गुंजभर सोनं घ्यायचा दिवस. आपल्याकडे पोरी माहेरी येऊन झोके घेतात, घागर भरली जाते, बाप्ये माणसं पत्ते कुटतात आणि सालदाराचं साल ठरतं. ओट्यावर बसून आकडा ठरतो, उचल हातात पडते, कागद नाही की सही नाही. सालदार मध्येच काम सोडून गेला तर त्याच्या दारात जाऊन उचल वसूल करणारी माणसं आपण. तीच माणसं त्याच मुहूर्तावर बिल्डरला उचल देतो आणि ती वसूल करायची वेळ आली की आपल्याला भीड पडते. आखाजीचा गुण असेल.

दुसरं कारण एसीचं. आखाजीला जळगावचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मोटारसायकल लावून साइट ऑफिसच्या काचेच्या दारातून आत गेलं की निम्मा निर्णय तिथेच होतो. उरलेला निम्मा चहा करतो. सोफ्यावर बसा. समोर भिंतीवर इमारतीचा नकाशा असेल, प्रत्येक फ्लॅटचा एक चौकोन, आणि विकल्या गेलेल्या चौकोनांवर लाल टिकल्या. बायका कपाळाला लावतात त्याच, पाकिटातल्या. माझ्या वेळी चाळीसेक चौकोनांत नऊ-दहाच उघडे होते. एवढ्या टिकल्या पाहिल्या की कुणाचंही मन घाबरं होतं. त्यातल्या खऱ्या किती आणि नुसत्याच चिकटवलेल्या किती, हे विचारू नका. टिकलीवर संशय घेणं आपल्या संस्कारात बसत नाही.

मग भाऊ येतात. मालकाला सगळे भाऊच म्हणतात, तुम्हीही म्हणा. भाऊ आधी गाव विचारतात. मी म्हणालो, एरंडोलकडचं. त्यांनी मांडीवर थाप मारली. त्यांची मावशी तिकडचीच निघाली. मराठी सोडून ते थेट अहिराणीवर आले, “मंग तू ते घरनाच माणूस शे! पैसा कोठे पयी जातस का?” ज्या क्षणी कुणी व्यवहारात अहिराणी बोलायला लागतो, त्या क्षणी आपली तर्कबुद्धी आजोळी जाते. जाऊ द्या तिला. मावशीकडे जेवून उठल्यावर कुणी बिल मागतं का? मग घरच्या माणसाकडे पावती कशी मागणार?

मी तेवढं तरी विचारलं. फ्लॅट ३०४, किंमत ३२ लाख, इसार १ लाख ५१ हजार. त्यातले ५१ हजार चेकने, त्याची छापील पावती. उरलेले १ लाख रोख, कारण “थोडं इकडचं थोडं तिकडचं करावं लागतं”. त्या लाखाची नोंद भाऊंनी माझ्यासमोर केली. सिमेंटवाल्याने भेट दिलेली डायरी, आखाजीचं पान, शिसपेन्सिल: ३०४ – १.००. मी मान वाकडी करून वाचलं आणि समाधान पावलो. तुम्हीही रोखच द्या, आणि लाखात द्या. घराजमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायला आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला, घेतली तेवढ्याच रकमेचा. यातली खुबी ध्यानात घ्या. तुमचा लाख आठवला तर भाऊंना लाखाचा दंड आहे. विसरला तर काही नाही. अशा वेळी कुणाची स्मरणशक्ती कुठे जाईल, तुम्हीच सांगा.

चहा संपेपर्यंत ऑफिसातल्या पोराने ३०४ वर टिकली लावली.

आता रद्द करण्याकडे येऊ. कारण साधं ठेवा. माझ्या बाबतीत बँकेने कर्ज अपेक्षेपेक्षा साडेचार लाखांनी कमी मंजूर केलं. बाराव्या दिवशी मी भाऊंकडे गेलो. जाऊन बोललो, लिहून दिलं नाही. हे फार महत्त्वाचं. अर्ज, ईमेल, पोचपावतीचं रजिस्टर टपाल असल्या भानगडीत पडायचं नाही. लेखी दिलं की तारीख पडते, आणि तारीख पडली की दिवस मोजता येतात. घरच्या माणसात दिवस मोजतात का?

दिवस मोजायचे झाले तर महारेराने, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, ते आधीच मोजून ठेवलेत. बुकिंग झालं की बिल्डरने द्यायचं ते वाटपपत्र. त्यांच्या नमुना वाटपपत्रात लिहिलंय की पत्र निघाल्यापासून १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर एक पैसाही कापायचा नाही. १६ ते ३० दिवसांत केलं तर किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. आणि रद्द केल्याचं पत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांत पैसे परत दिले नाहीत तर त्यावर स्टेट बँकेच्या सर्वांत चढ्या एमसीएलआरपेक्षा, म्हणजे कर्जावरच्या व्याजाच्या पायाभूत दरापेक्षा, २ टक्के जास्त व्याज. मी बाराव्या दिवशी गेलो होतो, म्हणजे कपात शून्य. पण हे १५ दिवस वाटपपत्राच्या तारखेपासून मोजायचे, आणि वाटपपत्र मला दिलंच नव्हतं. “ते काय, नंतर देऊ.” जे पत्र निघालंच नाही त्याचे १५ दिवस संपतही नाहीत, असं मी आपलं भोळेपणाने म्हणालो. भाऊ हसले. ते सुरूच झाले नाहीत, असं त्यांचं म्हणणं. वकील मंडळी यावर बोलत बसतील. तुम्ही बसू नका, चहा येतोय.

त्यानंतर भाऊंनी मला कायदा शिकवला. एकदम स्वच्छ पुस्तकी मराठीत. मावशी संपली, अहिराणी संपली. पैसे घेताना आपण घरचे असतो आणि देताना ग्राहक होतो, हा बदल बघण्यासारखा असतो. चुकवू नका. “हे बघा, रेरात १० टक्के आहेत. ३२ लाखांचे १० टक्के ३ लाख २० हजार. तुम्ही दिले १ लाख ५१. म्हणजे तुमच्याकडूनच आमचे १ लाख ६९ हजार निघतात. पण तुम्ही घरचे. सोडले.”

हे ऐकून मला उपकृत वाटलं, खोटं कशाला सांगू. घरी येताना पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटापर्यंत मी बिल्डरचा देणेकरी होतो आणि त्याने मला मोठ्या मनाने माफ केलं होतं. रेरा म्हणजे बिल्डरांच्या व्यवहारांवरचा २०१६ चा कायदा, त्याचं कलम १३. त्यात १० टक्के आहेत, हे खरंच आहे. फक्त ते वेगळ्या कामाचे आहेत. लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरने किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही, असं ते कलम सांगतं. घेण्यावर घातलेली मर्यादा भाऊंनी गिळण्याचा परवाना म्हणून वाचली.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मोबाइलवर बातमी दाखवली, सर्वोच्च न्यायालयानेही १० टक्केच म्हटलंय. तेही खरं. ३ फेब्रुवारी २०२५ चा निकाल आहे. तिथे सही झालेला करार होता, त्यात बिल्डरने २० टक्के जप्तीचं कलम घातलं होतं, ते एकतर्फी ठरलं आणि ग्राहक आयोगाने खाली आणलेले १० टक्के न्यायालयाने कायम ठेवले. कापण्याची मर्यादा कमी करणारा निकाल कापण्याच्या समर्थनार्थ भिंतीवर लावता येतो. आणि आमच्यात तर करारही नव्हता. होती एक डायरी.

इथे भाऊंची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर चहा अंगी लागायचा नाही. तीन स्कीममध्ये टोकन टाकून ठेवायचं, दोन महिने तिन्ही फ्लॅट अडवायचे आणि मग मेहुण्याने स्वस्तात रो हाऊस दाखवलं की सगळीकडे पैसे मागत हिंडायचं, अशी माणसं आपल्यात आहेत. दलालाची दलाली देऊन झालेली असते. त्यापोटी भाऊंनी १ टक्का मागितला असता तर मी तो मुकाट सोडला असता, बायकोशी भांडून. पण भाऊ १ टक्का मागत नाहीत.

मग सुरू होतो वारीचा काळ. “फ्लॅट दुसऱ्याला गेला की तुमचे पैसे लगेच.” हे वाक्य पाठ करून ठेवा. पुढे शनिवारी या. मग शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. मग श्रावणात कानबाई देवी बसली, भाऊ गावी गेले. मग पितर आले. पितृपक्षात लोक खरेदी करत नाहीत हे मला माहीत होतं, घेतलेले पैसे परत करत नाहीत हे नव्याने कळलं. दसऱ्याला म्हणाले आज कुठे. दिवाळीत घरातून लक्ष्मी बाहेर काढत नाहीत. देव उठेपर्यंत थांबा, मग तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा. पंचांगात पैसे द्यायचा दिवस नसतो, घ्यायचे मात्र साडेतीन.

चहा दर वेळी आला, हे सांगितलं पाहिजे. कटिंग नाही, पूर्ण कप, आल्याचा.

या काळात काही दुष्ट लोक तुम्हाला भलते सल्ले देतील. महारेराकडे ऑनलाइन तक्रार करा म्हणतील, फी ५ हजार. आदेश होऊनही बिल्डरने पैसे दिले नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे कलेक्टरमार्फत वसूल होतात, असंही सांगतील. ज्याने सारा थकल्यावर तलाठ्याचा निरोप घरी आलेला पाहिलाय त्याला या वाक्यातली गोडी कळेल, म्हणूनच ऐकू नका. कुणी म्हणेल, जिल्हा ग्राहक आयोग तर गावातच आहे, भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जा. या दोन वर्षांची काळजी घ्या. कानबाई, पितर, दिवाळी असं दोनदा फिरलं की ती आपोआप जातात. आणि मुळातच तक्रारीची पंचाईत नको असेल तर आठ घरांच्या आतली एखादी रो हाऊसची रांग धरा. तेवढ्या लहान प्रकल्पाला रेराची नोंदणीच लागत नाही, त्यामुळे महारेराच्या वेबसाइटवर जाऊन प्रकल्प तपासण्याचा त्रासही वाचतो.

तरीही हात शिवशिवले तर घरची मंडळी सांभाळतील. माझ्या चुलतसासऱ्यांनी सांगितलं, दीड लाखासाठी कोर्टाची पायरी चढलास तर उद्या पोरीला स्थळ सांगून येईल का? पोरगी सहावीत आहे. मग एक आप्पा मध्ये पडले. आप्पा कुणाचेच नसतात आणि सगळ्यांचे असतात. त्यांनी दोघांना बसवून तोडगा काढला, “पन्नास तू सोड, बाकीचं भाऊ बघतील.” भाऊंनी काय सोडायचं ते बैठकीत निघालं नाही. भरीत-भाकरी मात्र झाली, कळण्याची भाकरी, वांगी बामणोदची. बिल मी दिलं.

जानेवारीत मी पुन्हा गेलो. भिंतीवरच्या नकाशात ३०४ ची टिकली मध्यंतरी कुणीतरी ओरबाडून काढली होती, तिथला कागद सोलून पांढरा डाग पडला होता. त्या डागावर आता नवी टिकली होती, जरा मोठी, खड्याची. सोफ्यावर एक जोडपं बसलं होतं. टेबलावर पेढ्यांचा पुडा उघडा. मला बरं वाटलं. फ्लॅट दुसऱ्याला गेला होता, म्हणजे आता माझे पैसे.

भाऊंनी खरंच चेकबुक काढलं. ५१ हजारांतून रद्द करण्याचा खर्च म्हणून ११ हजार वजा, ४० हजारांचा चेक, तारीख मार्चअखेरची. मी चेकची घडी घातली आणि विचारलं, “आणि ते रोख, भाऊ?”

“कोणतं रोख?”

“डायरीत लिहिलेलं. ३०४ च्या पुढे.”

भाऊंनी खणातून डायरी काढली. तोच सिमेंटवाला, वर्ष नवं. माझ्यासमोर एकेक पान उलटून दाखवलं, जानेवारी, फेब्रुवारी, आखाजीचं पानसुद्धा. सगळी कोरी. “तुम्हीच बघा,” ते म्हणाले, “घरच्या माणसाशी खोटं बोलू का?”

सोफ्यावरचा माणूस बायकोकडे बघून हसला. त्याला हे सगळं फार आपुलकीचं वाटत असावं. त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढून टेबलावर पेढ्यांच्या शेजारी ठेवलं. पोराने तीन चहा आणले. भाऊंनी डायरी तिथल्या तिथे ठेवली आणि शिसपेन्सिलीला टोक काढायला घेतलं.