खुलासा : कोलंबियातील माजी बंडखोरांना ‘सरसकट माफी’ मिळालेली नाही

कोलंबिया सरकार आणि फार्क ही बंडखोर संघटना यांच्यात नोव्हेंबर 2016 मध्ये झालेल्या शांतता करारामुळे शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांचे सगळे गुन्हे माफ झाले आणि उरलेले खटले संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक चालवतात, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

माफी मिळाली ती बंडखोरी आणि तिच्याशी निगडित राजकीय गुन्ह्यांपुरती. ओलीस ठेवणे, लैंगिक अत्याचार, लहान मुलांची सैन्यभरती असे गंभीर गुन्हे तिच्यातून वगळलेले असून त्यांची चौकशी शांततेसाठीचे विशेष न्यायाधिकरण करते, आणि ते कोलंबियाचेच आहे. जो पूर्ण सत्य सांगून जबाबदारी स्वीकारतो, त्याला 5 ते 8 वर्षे तुरुंगाबाहेर, पण निर्बंधांखाली राहून पीडितांसाठी भरपाईची कामे करावी लागतात. जो नाकारतो आणि पुढे दोषी ठरतो, त्याला 20 वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. सप्टेंबर 2025 मध्ये अपहरणांच्या प्रकरणात फार्कच्या 7 माजी वरिष्ठ नेत्यांना पहिल्या प्रकारची 8 वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. ती फार सौम्य आहे, हा अनेक पीडितांचा आक्षेप समजण्यासारखा आहे; पण सौम्य शिक्षा म्हणजे माफी नव्हे.

संयुक्त राष्ट्रांचे पडताळणी पथक सप्टेंबर 2017 पासून माजी लढवय्यांचे पुनर्वसन आणि त्यांची सुरक्षितता यांवर देखरेख ठेवते, आणि 2021 ते 2025 या काळात न्यायाधिकरणाच्या शिक्षांचे पालन तपासण्याचे कामही त्याच्याकडे होते. निवाड्याचा अधिकार त्याला नाही. करारानंतर 400 हून अधिक माजी लढवय्यांची हत्या झाल्याची नोंद याच पथकाने केली आहे, जिचा उल्लेख फिरणाऱ्या मजकुरात नाही.