‘सोडला की वाचला’: स्टीलहेडबाबतचा हा हिशेब कुठे चुकतो

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात आणि शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात गळ टाकणाऱ्यांमध्ये स्टीलहेड या माशाबद्दल एक दावा सतत फिरतो: ‘नैसर्गिक स्टीलहेड सोडूनच द्यायचा असतो, मग कितीही पकडा. मासा पोहत निघून जातो. थोडे मेलेच तर हॅचरी (माशांची पिल्ले वाढवून नदीत सोडणारे केंद्र) भरपाई करते.’ सिएटल-व्हँकुव्हरकडच्या मराठी मंडळींच्याही कानावर हे आले असेल. यातला प्रत्येक तुकडा तपासून पाहू.

‘पोहत गेला म्हणजे वाचला.’ नाही. झुंजीत माशाच्या स्नायूंत आम्ल साठते आणि मृत्यू काही तासांनीही येऊ शकतो. त्यात पाण्याबाहेर काढले की कल्ल्यांच्या पातळ पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि प्राणवायू मिळणे थांबते. 1992 साली रेनबो ट्राउटवर (स्टीलहेड हा त्याच जातीचा, समुद्रात जाऊन परतणारा मासा) प्रयोग झाला. नुसते दमवलेल्या माशांपैकी 12 टक्के मेले. दमवून 30 सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी 38 टक्के आणि 60 सेकंद ठेवलेल्यांपैकी 72 टक्के मेले. ते प्रयोगशाळेतले मासे होते, त्यामुळे नदीत हेच आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण फोटोसाठी मासा उचलून धरण्याची किंमत त्यातून कळते. वॉशिंग्टनमध्ये सोडायचा स्टीलहेड पाण्याबाहेर पूर्ण उचलणे बेकायदा आहे, ते याचसाठी.

नुकसान खरोखर कमी करायचे तर तयारी गळ टाकण्याआधीच हवी. एकेरी गळ घ्या आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. आमिष नको, कारण ते मासा गिळतो आणि गळ घशात किंवा कल्ल्यात रुततो. तसा रुतलाच तर ओढू नका, दोरी तोंडाजवळ कापा. दोरी दमदार ठेवा; बारीक दोरीवर झुंज लांबते. जाळे बिनगाठीचे, रबराचे असावे. हात आधी ओले करा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. काठावरच्या गोट्यांवर ओढत आणणे तर टाळाच. सोडताना शेपटीच्या बुडाशी एक हात, पोटाखाली दुसरा, तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे. मागेपुढे हलवायची गरज नाही. तो स्वतःहून सुटेपर्यंत धरा. पाणी 18 अंश सेल्सियसच्या वर गेले असेल तर त्या दिवशी गळ टाकूच नका.

‘मरतात ते शेकड्यात थोडेच.’ हा सर्वांत फसवा भाग. वॉशिंग्टनमध्ये सोडलेल्यांपैकी साधारण 10 टक्के मरतात असे धरून नियोजन होते. समजा, नदीत 1,000 मासे परतले आणि प्रत्येक एकदाच सापडला, तर 100 गेले. दोनदा सापडला तर सुमारे 190. होड्या आणि गळ वाढले की एकच मासा पुन्हा पुन्हा सापडतो. सोडण्याचा नियम एका माशाचे नुकसान कमी करतो. एकूण किती मासे गळाला लागावेत, यावर त्याचा काहीच ताबा नाही. म्हणून याच राज्यातल्या ऑलिंपिक द्वीपकल्पातल्या नद्यांवर होडीतून गळ टाकण्यावर बंदी घालावी लागली.

‘हॅचरी भरून काढते.’ हॅचरीच्या पिल्लांचा ॲडिपोज पर (पाठीवर शेपटीजवळ असलेला छोटा पर) कापलेला असतो, ओळख पटावी म्हणून. पण ओरेगनच्या हूड नदीवरील 2007 च्या अभ्यासात दिसले की बंदिस्त वाढवलेल्या दर पिढीमागे नदीतली प्रजननक्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटते. शिवाय हे मासे नैसर्गिक माशांशी जुळले तर ती कमजोरी पुढे जाते. ही भरपाई नव्हे.

‘खरा दोष धरणांचा आणि जाळ्यांचा.’ हे अर्धे खरे आहे, आणि ते मान्य करायलाच हवे. ब्रिटिश कोलंबियातल्या थॉम्पसन नदीच्या स्टीलहेडला 2018 साली कॅनडाच्या तज्ज्ञ समितीने संकटग्रस्त ठरवले. तिथे हौशी मासेमारी बंद करूनही संख्या सावरली नाही. थॉम्पसन जिला मिळते त्या फ्रेझर नदीत चम सामनसाठी (सामन माशाची एक जात) लावलेल्या जाळ्यांत हे मासे अडकतात. पण धरण पाडायला दशके जातात, गळ दुसऱ्या दिवशी थांबवता येतो. परत आलेले मासे फारच कमी दिसले तेव्हा वॉशिंग्टनने 1 मार्च 2022 पासून किनाऱ्यावरच्या नद्यांमधली स्टीलहेडची मासेमारी हंगाम संपण्याआधीच बंद केली, सोडून देणाऱ्यांसाठीसुद्धा.