महामंदी तुमच्या पासबुकात आहे

१९२९ म्हटलं की वॉल स्ट्रीटवरचा कोसळलेला शेअर बाजार आठवतो. पण सामान्य अमेरिकी माणसाकडे शेअर होतेच कुठे? त्याला मंदीने गाठलं ते बँकेच्या दारात. १९३० ते १९३३ मध्ये तिथल्या सुमारे ९,००० बँका बुडाल्या.

बँक ठेवींतला बराचसा पैसा कर्जाऊ देते, हाताशी थोडीच रोकड ठेवते. पैसे काढायला ठेवीदारांची रांग लागली की बँकेला आपले रोखे मिळेल त्या भावाने विकावे लागतात. त्याने रोख्यांचे भाव पडतात आणि तेच रोखे बाळगणारी धडधाकट बँकही आजारी पडते. रांगेतल्या माणसाला घाबरट म्हणू नका. पहिल्याला पूर्ण पैसे, शेवटच्याला ठेंगा, असा हिशेब असेल तर पहाटे जाऊन उभं राहणं हाच शहाणपणा.

म्हणून १९३३ मध्ये ठेवींचा विमा आला. मोठ्या बँकांचा विरोध होता, खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टही फारसे राजी नव्हते. १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंत हमी मिळाली आणि त्या वर्षी विमा असलेल्या फक्त ९ बँका बुडाल्या. दुबळ्या बँका आधीच गळून गेल्या होत्या, हेही खरं. पण रांगेत धावण्याचं कारणच संपलं, हे जास्त मोलाचं.

आपल्याकडे १९६० मध्ये पलई सेंट्रल आणि लक्ष्मी बँक बुडाल्यावर ठेव विम्याचा कायदा झाला. १९६२ ला सुरुवात १,५०० रुपयांनी. १९९३ मध्ये हमी एक लाख झाली आणि २०२० पर्यंत तिथेच राहिली. सत्तावीस वर्षं! महागाई काय थांबली होती? पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले, ठेवीदार रस्त्यावर उतरले, त्यानंतर कुठे पाच लाख झाले. माझ्या मते ही मर्यादा महागाईशी बांधायला हवी, पुढच्या बँकेच्या बुडण्याशी नव्हे.

आता कामाचं. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. पाच लाखांची एफडी केलीत तर त्यावरचं व्याज हमीबाहेर गेलंच. साडेचारच्या आसपास थांबा. एकाच बँकेच्या चार शाखांत चार एफडी ठेवून काही होत नाही, सगळ्यांची बेरीज होते. वेगळ्या बँकेत ठेवा. नवरा-बायकोचं संयुक्त खातं मात्र स्वतंत्र धरतात, आणि नावांचा क्रम उलटा केलेलं दुसरं खातंही वेगळं. त्याच बँकेचं कर्ज थकलं असेल तर ते वळतं करून घेतलं जाऊ शकतं.

रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर निर्बंध घातले तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळायला हवी: ४५ दिवस बँकेला यादी द्यायला, ३० पडताळणीला, १५ पैसे द्यायला. घोडं अडतं ते केवायसी जुनं असल्याने, किंवा ठेवीदाराने संमतीपत्र आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील न दिल्याने. ते आधीच नीट करून ठेवा.

आणि पतसंस्था! सहकारी बँकेला हा विमा आहे, पतसंस्थेला नाही. पाटी दोन्हीकडे सारखीच दिसते, संचालकही कधी कधी तेच असतात. व्याज एक-दीड टक्का जास्त म्हणून निवृत्तीची सगळी पुंजी तिथे ठेवणाऱ्यांनी ‘डीआयसीजीसीकडे (ठेव विमा महामंडळाकडे) नोंदणी आहे का?’ एवढंच काउंटरवर विचारावं. ‘आमचे चेअरमन खूप चांगले आहेत’ असं उत्तर आलं, तर नोंदणी नाही.