चोरून मोजलेले श्वास

आजी गेली त्याला परवा महिना झाला. वय ९१, त्यामुळे रडारड फार नाही, 'सोनं झालं' म्हणून सगळे मोकळे. पण फोनवर, मेसेजमधे, भेटायला आलेल्यांच्या तोंडी एकच वाक्य, 'काय सेवा केली हो तुमच्या आजींनी!' मी आपला मान डोलवत होतो आणि दर वेळी आजीचं ते वाकडं झालेलं तोंड आठवत होतं, कारण हा शब्द तिला अजिबात खपायचा नाही. "सेवा कसली डोंबलाची, नोकरी होती ती, शिकून केलेली" असं म्हणायची आणि पगार लांबला की साहेबाच्या टेबलापुढे जाऊन उभी राहणारी पण हीच पहिली.

३४ वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढली तिने. माया होतीच, नाही कशाला म्हणू, पण माया करणारी माणसं पुष्कळ असतात. तिचं खरं कसब बघण्यात होतं. लहानपणी मला ताप आला की ती उशाशी बसून माझं मनगट धरायची आणि मला वाटायचं लाड चाललेत. ती नाडी मोजत असायची! बरं नाडी मोजून झाली तरी हात सोडायची नाही, नजर मात्र माझ्या छातीवर. कॉलेजात गेल्यावर कधीतरी सांगितलं, की आपला श्वास मोजतायत हे पेशंटला कळलं की तो लगेच वेगळाच घ्यायला लागतो, म्हणून बोटं नाडीवरच ठेवायची आणि गुपचूप श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाचे १२ ते २०, त्याच्या वर जायला लागले की सावध व्हायचं. "ताप काय रे, कुणालाही कळतो. श्वास कोणी बघत नाही." म्हणजे माझ्या बालपणीची सगळ्यात प्रेमळ आठवण ही चक्क ड्युटी निघाली.

ती नोकरीला लागली तेव्हा काचेच्या सिरिंज होत्या, वापरून झाल्या की धुवायच्या, उकळायच्या, परत वापरायच्या. सुया बोथट झाल्या की दगडावर घासायच्या आणि आतून बारीक तार घालून साफ करायच्या. रिटायर होईपर्यंत एकदा वापरून फेकायच्या सिरिंज आल्या. तिला जुन्याचं कौतुक शून्य. 'आमच्या वेळी' सुरू झालं की मी टाळी द्यायला तयार आणि ती म्हणायची, आमच्या वेळी सुई टोचली की पेशंट बोंबलायचा, आत्ताचं चांगलंय.

दर १२ मे ला, आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंच्या वाढदिवसाला, नर्सेस डे असतो आणि सगळीकडे तो दिवा हातात घेतलेला फोटो फिरतो. आजी वैतागायची. त्या बाई १८५४ मध्ये क्रिमियन युद्धात गेल्या, जखमांपेक्षा रोगराईने जास्त सैनिक मरतायत हे नंतर आकडे मांडून दाखवलं, १८५८ मध्ये त्याचे गोल चार्ट काढून सरकारपुढे ठेवले आणि त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या पहिल्या महिला मेंबर झाल्या. आणि आपण लक्षात काय ठेवलं, तर दिवा. आजीचं पण तेच होणार हे मला दिसतंय, म्हणून हा एवढा मोठा रतीब. 'लिहिलं नाही म्हणजे केलं नाही' हे तिचं घरातलं पण वाक्य होतं, फ्रिजवर कागद चिकटवून आमच्या गोळ्यांच्या वेळा मांडायची आणि समोर सही!

आजोबा शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीचा पण अलार्म. माकडहाड, टाचा, कोपर रोज टॉर्च लावून बघायची, लाल डाग दिसला की तिथे बोटाने दाबायची, दाबल्यावर पांढरा होतो का बघायला, नाही झाला तर त्या जागेवर दाब अजिबात पडू द्यायचा नाही. दोन वर्षांत एक बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, झाला नाही. ज्यांनी घरी कुणाचं केलंय त्यांना कळेल हे काय आहे.

आता आईची बाजू पण सांगतो, नाहीतर ती कमेंटमधे येऊन सांगेल. आईला नर्स या शब्दाचाच राग होता. तिच्या शाळेच्या गॅदरिंगला आजी नाही, दहावीच्या निकालाला नाही, नाइट करून आली की दिवसा घरात कुजबुजत बोलायचं. 'दुसऱ्यांच्या पोरांचा ताप तिला पाठ, माझी इयत्ता विचारून सांगायची' हे आईचं ठरलेलं वाक्य. आजीने यावर कधी सफाई दिली नाही. एवढंच म्हणाली एकदा, की रात्री एका वॉर्डला दोघी असायचो, मी आले असते तर एकच उरली असती. आईला ते पटलं नाही, मला अर्धं पटलं.

शेवटच्या आठवड्यात एक तरुण सिस्टर घरी यायची. आजी बहुतेक वेळ झोपेतच. त्या दिवशी पोरीने मनगट धरलं, घड्याळ बघितलं, मिनिट झालं तरी हात तसाच. आजीने एक डोळा उघडला.

"किती?"

"८८ आहेत आजी."

"ते नाही. दुसरं."

पोरगी गोरीमोरी झाली, मग हसली. "२६."

"हं. लिहून ठेव बाळा" म्हणाली आणि डोळा मिटून घेतला.