हार्ट फेल्युअर, पॅलिएटिव्ह केअर आणि ‘निम्म्या फेऱ्यां’चा दावा

‘हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला पॅलिएटिव्ह केअर सुरू केली की रुग्णालयाच्या फेऱ्या निम्म्यावर येतात, कारण हृदयाचे उपचारच थांबवलेले असतात,’ असे हल्ली ठामपणे सांगितले जाते. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होऊन अंगात पाणी साचू लागणे; पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करून जीवनमान सांभाळणारी सेवा. या दाव्यात एक अर्धसत्य आहे आणि एक उघड चूक.

अर्धसत्य ‘निम्म्या’त आहे. हाँगकाँगमधील 84 रुग्णांच्या चाचणीत (2016) 12 आठवड्यांत पुन्हा दाखल झालेल्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटात 61 टक्के, तर पॅलिएटिव्ह गटात सुमारे 34 टक्के होते. स्वीडनमधील 72 रुग्णांच्या चाचणीत 6 महिन्यांत अनुक्रमे 53 आणि 15 वेळा दाखल करावे लागले. दोन्ही चाचण्या लहान आहेत. उलट अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या 150 रुग्णांच्या चाचणीत (2017) जीवनमान सुधारले, नैराश्य आणि चिंता कमी झाली, पण पुन्हा दाखल होण्यात फरक पडला नाही. मला वाटते, हा फरक घरभेटींचा असावा. पहिल्या दोन ठिकाणी सेवा रुग्णाच्या घरापर्यंत जात होती. घरी येणाऱ्या परिचारिकेला पायांवरची सूज किंवा दोन दिवसांत वाढलेले वजन दम लागण्याआधीच दिसते, आणि डॉक्टरांना विचारून लघवीच्या गोळीचा डोस तिथल्या तिथे वाढवता येतो. केरळसारखे घरभेटींचे जाळे नसेल, तर हाँगकाँगचा आकडा आपल्याकडे लागू होईल असे गृहीत धरणे धाडसाचे आहे.

चूक ‘कारण’ या शब्दात आहे. या चाचण्यांत हृदयाचे उपचार चालूच होते. ड्यूकमध्ये पॅलिएटिव्ह सेवा त्यांच्या जोडीला दिली गेली, तर स्वीडनमध्ये दोन्ही एकाच पथकाने सांभाळल्या. शिवाय या आजारात साचलेले पाणी काढणारे औषध हाच दम कमी करण्याचा मुख्य उपाय असल्याने ते थांबवणे म्हणजे रुग्णाला पुन्हा रुग्णालयाकडे ढकलणे होय. अखेरच्या काळात संमतीने बंद करण्याचा विचार होतो तो बहुधा शरीरात बसवलेल्या डिफिब्रिलेटरच्या (हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडल्यास विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या) शॉकचा.

फेऱ्या कमी म्हणजे उपचार यशस्वी, हे गृहीतकही तपासावे लागते. अमेरिकेत 2012 पासून जास्त रुग्ण 30 दिवसांत परत येणाऱ्या रुग्णालयांचा निधी कापला जातो. त्यानंतर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचे घरी गेल्यावरचे मृत्यू वाढल्याचे 2018 मधील एका मोठ्या विश्लेषणात दिसले. त्याचे कारण हीच योजना होती का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण शिरेतून औषध देण्याची गरज असलेला माणूस घरीच राहिला, तर तक्त्यात त्याचीही नोंद ‘टळलेली फेरी’ अशीच होते.