माउंट व्हर्नन : फोटो खरा, मजकूर नाही

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या पोटोमॅक नदीकाठच्या माउंट व्हर्नन या पांढऱ्या वाड्याचा फोटो आणि खाली मजकूर : ‘सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनने स्वकष्टाने बांधलेलं दगडी घर. अमेरिकन सरकारने ते आजवर जपलं. मरताना त्याने आपले सगळे गुलाम मुक्त केले. नाहीतर आपण!’ हा मजकूर बराच फिरतोय.

दगडापासूनच सुरुवात करू, कारण तिथे दगड नाहीच. भिंतींना पाइनच्या फळ्या आहेत. चिऱ्यांसारख्या दिसाव्यात म्हणून त्या तासल्या आणि ओल्या रंगावर वाळू मारली. मूळ घर जॉर्जच्या वडिलांनी, ऑगस्टीन यांनी १७३४ च्या सुमारास बांधलं. पुढे ते सावत्र भाऊ लॉरेन्सकडे गेलं. जॉर्जने आधी वहिनीकडून भाड्याने घेतलं. ती १७६१ मध्ये वारल्यावर मालकी मिळाली. त्याने घर खूप वाढवलं, हे कबूल. राबले मात्र गुलाम आणि पगारी कारागीर.

‘सरकारने जपलं’ हे तर उलटंच आहे. १८५० च्या दशकात वाडा मोडकळीला आला होता आणि वंशज विकायला तयार होते. ना केंद्र सरकारने घेतला, ना व्हर्जिनिया राज्याने. मग दक्षिण कॅरोलिनाच्या ॲन पामेला कनिंगहॅम यांनी बायकांची संघटना काढली, वर्गणी गोळा केली आणि १८५८ मध्ये २ लाख डॉलरला सौदा केला. मालकी आजही त्याच संघटनेची आहे. तेव्हा सरकारच्या नावाने उसासे टाकायला हे उदाहरण कामाचं नाही.

राहिले गुलाम. १७९९ मध्ये तिथे ३१७ गुलाम होते. त्यांतले वॉशिंग्टनचे स्वतःचे १२३. मृत्युपत्राने लगेच सुटला तो एकटा विल्यम ली, त्याचा खास नोकर. बाकीच्यांनी त्याच्या बायकोच्या, मार्थाच्या मृत्यूपर्यंत थांबायचं होतं. तिने १ जानेवारी १८०१ लाच त्यांना सोडलं. पण १५३ जण तिच्या पहिल्या नवऱ्याच्या, कस्टिसच्या इस्टेटीतले. त्यांना मुक्त करण्याचा कायदेशीर हक्क दोघांनाही नव्हता. दोन्हीकडच्यांची आपसांत लग्नं झालेली, त्यामुळे नवरा मुक्त आणि बायको-मुलं गुलाम अशी घरं फुटली. १८०२ मध्ये मार्था वारली आणि कस्टिसकडचे गुलाम तिच्या चार नातवंडांत वाटले गेले.

मार्थाची दासी ओना जज याच कस्टिसकडच्या गटातली. ती १७९६ मध्येच फिलाडेल्फियातून पळाली. वॉशिंग्टनने तिला परत आणायचे प्रयत्न केले, ते फसले. १८४८ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये ती वारली, तेव्हाही कायद्याच्या लेखी फरारीच होती.